न्यूट्रॉनाचे आयुर्मान

अणुकेंद्राच्या बाहेर मुक्त स्थितीत असलेला न्यूट्रॉन (अणुकेंद्रातील विद्युत् भाररहित घटक कण) अस्थिर असून त्याचे आपोआप प्रोटॉन, इलेक्ट्रॉन व प्रतिन्यूट्रिनो या तीन कणांत रूपांतर होते. या रूपांतरास बीटा क्षय म्हणतात व तो होण्यापूर्वी न्यूट्रॉन सरासरीने जितका काळ टिकतो त्या काळास न्यूट्रॉनाचे आयुर्मान म्हणतात. हा काळ सु. ८७८ सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटांहून किंचित कमी आहे. किरणोत्सर्गी द्रव्यांच्या आयुर्मानांशी तुलना करता हा काळ लांबही नाही व आखूडही नाही. तो घड्याळाने सहज मोजता येईल असा आहे. तरीही १९५० नंतरच्या सात दशकांत तो ठरविण्यासाठी जितके श्रम झाले तितके फार थोड्या कणांच्या बाबतीत झाले असतील. दोन भिन्न मार्गांनी केलेल्या सूक्ष्म मापनांत सु. ९ सेकंदांचा फरक येतो, आणि त्याचे सर्वमान्य स्पष्टीकरण मिळालेले नाही.

आयुर्मान ही संज्ञा सांख्यिकीय अर्थाने घ्यावयाची असते. न्यूट्रॉन म्हातारा होत नाही. नुकताच मुक्त झालेला आणि दहा मिनिटे टिकून राहिलेला अशा दोन न्यूट्रॉनांच्या पुढील सेकंदात क्षय पावण्याच्या संभाव्यता अगदी सारख्या असतात. त्यामुळे न्यूट्रॉनांच्या मोठ्या समूहाची संख्या घातीय नियमाने घटते. एका आयुर्मानाएवढा काळ लोटल्यावर मूळ संख्येच्या सु. ३७ टक्के न्यूट्रॉन शिल्लक राहतात. निम्मे न्यूट्रॉन शिल्लक राहण्यास लागणाऱ्या काळास अर्धायुष्य म्हणतात व ते आयुर्मानाच्या ०.६९३ पट, म्हणजे सु. १० मिनिटे असते. जुन्या ग्रंथांत बहुधा अर्धायुष्य दिलेले आढळते, म्हणून त्यांतील आकडे आजच्या आकड्यांशी ताडून पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

आणखी एक घोटाळा टाळला पाहिजे. अणुकेंद्रीय विक्रियकांच्या (अणुभट्ट्यांच्या) अभियांत्रिकीतही ‘न्यूट्रॉनाचे आयुर्मान’ असा शब्दप्रयोग करतात. पण तेथे न्यूट्रॉन भंजनातून बाहेर पडल्यापासून शोषला जाईपर्यंतचा काळ अभिप्रेत असतो. हा काळ सेकंदाच्या अल्पांशाएवढा असतो. त्यामुळे विक्रियकातील जवळजवळ सर्व न्यूट्रॉन क्षय पावण्याच्या कितीतरी आधीच कोणत्या ना कोणत्या अणुकेंद्रात सामावले जातात किंवा बाहेर निसटतात. विक्रियकाचा आराखडा करणाऱ्यास बीटा क्षयाची दखल घ्यावी लागत नाही. प्रस्तुत नोंदीचा विषय असलेले आयुर्मान हा न्यूट्रॉनाचा अंगभूत गुणधर्म आहे.

क्षयाचे कारण : न्यूट्रॉनाचे द्रव्यमान प्रोटॉनाच्या द्रव्यमानापेक्षा १.२९३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेइतके जास्त आहे (इलेक्ट्रॉन व्होल्ट हे सूक्ष्म कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक होय). यांपैकी ०.५११ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट इलेक्ट्रॉनाच्या निर्मितीस लागतात व उरलेली ०.७८२ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा तिन्ही कणांत वाटली जाते. इलेक्ट्रॉन व प्रतिन्यूट्रिनो हे अतिशय हलके असल्याने बहुतेक ऊर्जा तेच नेतात. प्रोटॉनाच्या वाट्यास जास्तीत जास्त ७५१ इलेक्ट्रॉन व्होल्ट येतात. मापनाच्या दृष्टीने ही बाब अडचणीची आहे, कारण इतका मंद प्रोटॉन कोणत्याही अभिज्ञातकाच्या (कणाचे अस्तित्व ओळखणाऱ्या साधनाच्या) पृष्ठभागातच थांबतो. स्थिर अणुकेंद्रात बद्ध असलेल्या न्यूट्रॉनाचा क्षय होत नाही. कारण तेथे न्यूट्रॉनाच्या जागी प्रोटॉन आल्यास अणुकेंद्राची एकूण ऊर्जा वाढते. सर्व जड द्रव्याचे स्थैर्य या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

क्षयास कारणीभूत होणारी परस्परक्रिया निसर्गातील दुर्बल परस्परक्रिया होय. प्रचलित सिद्धांतानुसार न्यूट्रॉनातील एका डाउन क्वार्काचे अप क्वार्कात रूपांतर होते. यावरून आयुर्मान फक्त दोन अज्ञात राशींवर अवलंबून राहते : एक, अप व डाउन क्वार्कांमधील संक्रमणाची तीव्रता दर्शविणारी राशी, व दोन, परस्परक्रियेच्या अक्षीय आणि सदिश घटकांचे गुणोत्तर. यांपैकी पहिली राशी काही विशिष्ट अणुकेंद्रांच्या बीटा क्षयांवरून स्वतंत्रपणे मिळते; दुसरी राशी एकाच दिशेने परिवलन (स्वतःभोवती फिरणे) करणाऱ्या न्यूट्रॉनांतून इलेक्ट्रॉन कोणत्या बाजूस अधिक बाहेर पडतात हे मोजून मिळते. या मार्गाने आयुर्मानाचे प्रत्यक्ष मापन न करताही त्याचे अपेक्षित मूल्य काढता येते. या मूल्याचा उपयोग पुढे येईल.

महत्त्व : आयुर्मानाचा एक टक्का इकडे किंवा तिकडे झाल्याने काय बिघडते, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे पहिले उत्तर विश्वाच्या आरंभाशी निगडित आहे. महास्फोटानंतरच्या पहिल्या सेकंदाच्या सुमारास तापमान इतके उतरले की, न्यूट्रॉन व प्रोटॉन यांची एकमेकांत होणारी रूपांतरे जवळजवळ थांबली. त्या वेळी सहा प्रोटॉनांमागे साधारण एक न्यूट्रॉन होता. पुढील काही मिनिटांत ड्यूटेरियम टिकून राहील इतके विश्व थंड होईपर्यंत काही न्यूट्रॉनांचा क्षय झाला व हे प्रमाण सातास एक असे झाले. उरलेले जवळजवळ सर्व न्यूट्रॉन हीलियमात बद्ध झाले. यावरूनच विश्वातील आद्य द्रव्यात वजनाने सु. २५ टक्के हीलियम असावे, असे गणित येते. आयुर्मान जास्त असेल, तर न्यूट्रॉन अधिक शिल्लक राहतात, शिवाय मूळ प्रमाणही बदलते, व हीलियम वाढते. आयुर्मानात एक टक्का फरक केला असता हीलियमाच्या प्रमाणात सु. ०.००१८ एवढा फरक पडतो. रसायनदृष्ट्या आद्य अवस्थेत राहिलेल्या दूरच्या दीर्घिकांतील वायूच्या वर्णपटांवरून हीलियमाचे जे प्रमाण काढतात त्यातील अनिश्चितता याच मानाची आहे. म्हणजे प्रयोगशाळेतील एका घड्याळाची चूक विश्वस्थितिशास्त्राच्या एका मुख्य कसोटीत उतरते.

सूर्यातील ऊर्जानिर्मितीची पहिली पायरी म्हणजे दोन प्रोटॉन एकत्र येऊन ड्यूटेरॉन बनणे ही होय. ही विक्रिया इतकी विरळ आहे की, सूर्यकेंद्राच्या परिस्थितीत तिचा वेग प्रयोगशाळेत मोजता येत नाही. तो त्याच दुर्बल परस्परक्रियेच्या स्थिरांकांवरून गणिताने काढावा लागतो. तसेच विक्रियकातून बाहेर पडणाऱ्या प्रतिन्यूट्रिनोने प्रोटॉनावर आदळून न्यूट्रॉन निर्माण करणे ही न्यूट्रॉन क्षयाची उलट दिशेची विक्रिया आहे. तिचा काटछेद (विक्रिया घडण्याची संभाव्यता दर्शविणारे क्षेत्र) न्यूट्रॉनाच्या आयुर्मानाच्या व्यस्त प्रमाणात असतो. अखेरीस, क्वार्कांच्या संक्रमण राशींच्या वर्गांची बेरीज बरोबर १ यावयास हवी. ती किंचित कमी भरते असे अलीकडची मापने सुचवितात. ही तूट खरी की भासमान हे ठरविण्यास न्यूट्रॉन हा सर्वांत स्वच्छ साक्षीदार आहे, कारण त्यात अणुकेंद्राच्या अंतर्गत रचनेचे क्लिष्ट गणित आड येत नाही.

इतिहास : न्यूट्रॉनाचा शोध जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये केंब्रिज येथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत लावला. त्यानंतर चॅडविक व मॉरिस गोल्डहाबर यांनी गॅमा किरणांनी ड्यूटेरॉन फोडून न्यूट्रॉनाचे द्रव्यमान काढले व ते हायड्रोजन अणूपेक्षा जास्त असल्याचे १९३५ मध्ये दाखविले. यावरून मुक्त न्यूट्रॉन अस्थिर असला पाहिजे, हे त्यांनी लगेच ओळखले. परंतु त्या काळी उपलब्ध असलेल्या उद्गमांतून मिळणारे न्यूट्रॉन इतके थोडे होते की, क्षय पाहणे अशक्यप्राय होते. नेहमीच्या तापमानाचा न्यूट्रॉन सेकंदास सु. २,२०० मी. वेगाने जातो. एक मीटर लांबीच्या नळीतून तो अर्ध्या मिलिसेकंदापेक्षा कमी काळात पार होतो व तेवढ्यात साधारण १९ लाख न्यूट्रॉनांपैकी एकाचाच क्षय होतो. असा एखादा क्षय गॅमा किरणांच्या व भटक्या न्यूट्रॉनांच्या गदारोळातून वेचून काढावयाचा, तर विक्रियकासारखा प्रबळ उद्गमच हवा.

तो दुसऱ्या महायुद्धानंतर मिळाला. अमेरिकेतील ओक रिज येथे आर्थर स्नेल व त्यांचे सहकारी यांनी १९४८ पासून न्यूट्रॉन क्षयाचा पुरावा मिळविला. कॅनडातील चॉक रिव्हर येथे जे. एम्. रॉब्सन यांनी एन्आर्एक्स या विक्रियकातील न्यूट्रॉन शलाका वापरून १९५१ मध्ये अर्धायुष्य १२.८ ± २.५ मिनिटे असल्याचे जाहीर केले. म्हणजे आयुर्मान सु. १,१०० सेकंद होते. महाराष्ट्रातील वाचकास या विक्रियकाचे एक वेगळे अगत्य वाटेल. ट्राँबे येथे जुलै १९६० मध्ये कार्यान्वित झालेला ४० मेगॅवॉट क्षमतेचा सायरस हा विक्रियक कॅनडाच्या सहकार्याने याच एन्आर्एक्सच्या धर्तीवर बांधलेला होता. तो ३१ डिसेंबर २०१० रोजी कायमचा बंद करण्यात आला. ट्राँबे येथील न्यूट्रॉन प्रकीर्णनाच्या संशोधनाची धुरा वाहणारे पी. के. अय्यंगार यांचे या विषयातील शिक्षणही चॉक रिव्हर येथेच झाले होते. मात्र ट्राँबे येथे न्यूट्रॉन शलाकेचा उपयोग मुख्यतः घन व द्रव पदार्थांची अंतर्रचना व अणूंच्या हालचाली तपासण्याकडे वळला.

रॉब्सन यांच्यानंतरची मूल्ये सतत खाली येत गेली. मॉस्को येथे १९५९ मध्ये आयुर्मान सु. १,०१३ सेकंद आढळले, तर डेन्मार्कमधील रिसो येथे १९७२ मध्ये ते ९१८ ± १४ सेकंद मिळाले. फ्रान्समधील ग्रनॉबल येथे वाल्टर मांपे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ८८७.६ ± ३.० सेकंद असे मूल्य काढले. या उतरत्या मालिकेत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे : काही वेळा आधीचे मूल्य त्याच्या सांगितलेल्या त्रुटीच्या मर्यादेबाहेर जाऊन चुकीचे ठरले. ‘±’ चिन्हापुढील आकडा म्हणजे प्रयोगकर्त्यास ज्या चुका सुचल्या त्यांचा हिशेब असतो. न सुचलेल्या चुका त्यात येत नाहीत.

मापनाच्या पद्धती : आयुर्मान मोजण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात क्षयातून निर्माण झालेले कण मोजतात. दुसऱ्यात क्षयानंतर उरलेले न्यूट्रॉन मोजतात. यांतील भेद एका परिचित उदाहरणाने स्पष्ट होईल. जालना जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण भागातील एखाद्या तलावातून उन्हाळ्यात किती पाण्याची वाफ होते, हे काढावयाचे आहे असे मानू. तलावाच्या काठी बाष्पीभवनमापक पात्र ठेवून वाफ होणारे पाणी थेट मोजता येते. किंवा तलावाची पातळी दररोज किती उतरते ते पाहता येते. मात्र या दुसऱ्या रीतीत तळातून व बांधातून झिरपणारे पाणी वजा करावे लागते. दोन्ही उत्तरे जुळली तर प्रश्न मिटला. पातळी अपेक्षेपेक्षा अधिक उतरत असेल, तर पात्र कमी मोजत आहे, झिरपा कमी धरला आहे, किंवा तलावास कोणालाच ठाऊक नसलेली एखादी वाट आहे, असे तीनच पर्याय उरतात. न्यूट्रॉनाच्या बाबतीत नेमकी हीच स्थिती उद्भवली आहे.

शलाका पद्धत : हिच्यात मंद न्यूट्रॉनांची शलाका निर्वात नळीतून सोडतात व नळीच्या ठराविक लांबीत दर सेकंदास किती क्षय होतात ते मोजतात. क्षयांचा हा वेग म्हणजे त्या लांबीत कोणत्याही क्षणी असलेल्या न्यूट्रॉनांची संख्या भागिले आयुर्मान. म्हणून दोन निरपेक्ष मोजण्या कराव्या लागतात. निरपेक्ष मोजणी म्हणजे प्रमाण नव्हे, तर प्रत्यक्ष संख्या. आणि ती एक-दोन दशांश टक्के अचूकतेने करणे फार कठीण असते. अमेरिकेतील गेथर्सबर्ग येथील राष्ट्रीय मानके व तंत्रविद्या संस्थेच्या प्रयोगात नळीभोवती ४.६ टेस्ला तीव्रतेचे चुंबकीय क्षेत्र असते व दोन्ही टोकांच्या विद्युत् अग्रांना सु. ८०० व्होल्ट धन वर्चस् (विद्युत् पातळी) दिलेले असते. क्षयातून निघालेले प्रोटॉन या सापळ्यात अडकून राहतात. ठराविक काळाने एका टोकाचे वर्चस् काढून घेतले की, ते बाहेर येतात. त्यांना काही दशसहस्र व्होल्टांनी प्रवेगित करून सिलिकॉन अभिज्ञातकावर सोडतात व मोजतात. सापळ्याच्या टोकांशी त्याची परिणामी लांबी नीट ठरविता येत नाही; म्हणून मधल्या अग्रांची संख्या बदलून वेगवेगळ्या लांबीच्या सापळ्यांनी मापन करतात व टोकांचा परिणाम फरकाने घालवितात.

न्यूट्रॉनांची संख्या मोजण्याची युक्ती विशेष सुंदर आहे. शलाकेच्या वाटेत लिथियम–६ या समस्थानिकाचा (त्याच मूलद्रव्याच्या भिन्न अणुभाराच्या प्रकाराचा) अतिशय पातळ लेप ठेवतात. न्यूट्रॉन शोषल्यावर लिथियमापासून आल्फा कण व ट्रायटॉन बाहेर पडतात व ते मोजता येतात. शलाकेत निरनिराळ्या वेगांचे न्यूट्रॉन असतात. मंद न्यूट्रॉन नळीत जास्त वेळ राहतो, म्हणून तेथे त्याच्या क्षयाची शक्यता वेगाच्या व्यस्त प्रमाणात वाढते; परंतु लिथियमात शोषला जाण्याची त्याची शक्यताही त्याच प्रमाणात वाढते. भागाकारात वेग नाहीसा होतो व शलाकेच्या वर्णपटाची माहिती जवळजवळ लागतच नाही. उरते ती लेपातील लिथियमाची राशी व अभिज्ञातकाची कार्यक्षमता अचूक ठरविण्याची जबाबदारी. २००५ मध्ये या प्रयोगाचे मूल्य ८८६.३ सेकंद असून त्यातील अनिश्चिततेचा मोठा भाग याच कारणाने आला होता. पुढे न्यूट्रॉन-गणित्राचे स्वतंत्र अंशन (प्रमाणाशी ताडून मोजपट्टी निश्चित करणे) करून २०१३ मध्ये ८८७.७ ± २.२ सेकंद असे सुधारित मूल्य देण्यात आले.

साठवण पद्धत : न्यूट्रॉन भांड्यात साठविता येईल ही कल्पना सोव्हिएट शास्त्रज्ञ झेल्डोविच यांनी १९५९ मध्ये मांडली व १९६८–६९ मध्ये डूब्ना व म्यूनिक येथे असे न्यूट्रॉन प्रथम प्रत्यक्ष मिळविण्यात आले. त्यांना अतिशीत न्यूट्रॉन म्हणतात. त्यांची ऊर्जा सु. ३०० नॅनो इलेक्ट्रॉन व्होल्टांपेक्षा कमी असते (नॅनो म्हणजे अब्जावा भाग) व वेग सेकंदास ७–८ मी.हून अधिक नसतो. चांगला धावपटू त्यांच्या बरोबरीने धावू शकेल. इतक्या मंद न्यूट्रॉनाची तरंगलांबी अणूच्या आकाराच्या शेकडो पट असते, त्यामुळे भांड्याच्या भिंतीतील अणुकेंद्रे त्यास एकसंध अडसरासारखी भासतात व कोणत्याही कोनातून आला तरी तो परावर्तित होतो. बेरिलियमाच्या भिंतीचा अडसर सु. २५० नॅनो इलेक्ट्रॉन व्होल्टांचा असतो. न्यूट्रॉन एक मीटर वर चढला की, गुरुत्वाकर्षणामुळे त्याची १०२ नॅनो इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा खर्च होते. म्हणून पुरेशा उंच भांड्यास झाकण लागत नाही.

प्रयोगाची रीत सोपी आहे. भांडे भरावयाचे, काही काळ थांबावयाचे, उरलेले न्यूट्रॉन मोजावयाचे. मग तेच अधिक काळ थांबून करावयाचे. दोन संख्यांच्या गुणोत्तरावरून आयुर्मान मिळते व निरपेक्ष मोजणीची गरज राहत नाही. अडचण आहे ती झिरप्याची. प्रत्येक टकरीच्या वेळी भिंतीत शोषले जाण्याची किंवा भिंतीतील अणूंच्या उष्णतेने वेग वाढून निसटण्याची अल्प शक्यता असते. भांड्याचा आकार बदलून, म्हणजे घनफळाच्या मानाने पृष्ठभाग कमी-जास्त करून मापने घेतात व पृष्ठभाग शून्य असता काय झाले असते ते बहिर्वेशनाने (उपलब्ध आकड्यांच्या पलीकडे रेषा वाढवून) काढतात. मांपे यांच्या प्रयोगात भिंतींना फ्लुओरीनयुक्त तेलाचा लेप होता. परंतु टकरीत न्यूट्रॉनाची ऊर्जा अगदी किंचित वाढू शकते, हा परिणाम त्या काळी पुरेसा ध्यानात आला नव्हता. तो धरून नंतर केलेल्या फेरगणितात त्यांचे मूल्य सु. ६ सेकंदांनी खाली आले.

अलेक्सांद्र सेरेब्रोव्ह यांच्या गटाने ग्रनॉबल येथे भिंती अतिशय थंड ठेवून झिरपा इतका कमी केला की, बहिर्वेशनाची दुरुस्ती काही सेकंदांपुरतीच उरली. २००५ मधील त्यांचे मूल्य ८७८.५ ± ०.८ सेकंद होते. तोवर मान्य असलेल्या ८८५.७ ± ०.८ या सरासरीपासून ते इतके दूर होते की, मूलकणांच्या गुणधर्मांचे आंतरराष्ट्रीय संकलन करणाऱ्या गटाने कित्येक वर्षे ते सरासरीत धरले नाही. २०१२ च्या संकलनात मात्र सरासरी ८८०.१ वर आणण्यात आली. नव्या मूल्याकडे संशयाने पाहणे योग्यच होते. पण जुन्या मूल्यांकडेही तितक्याच संशयाने पाहावयास हवे होते, असे आता म्हणता येते.

भिंतींचा प्रश्न मुळातून काढून टाकण्याचा मार्ग म्हणजे भिंतीच नसलेले भांडे. न्यूट्रॉनास विद्युत् भार नसला, तरी चुंबकीय परिबल असते. एका दिशेने परिवलन करणारे न्यूट्रॉन तीव्र चुंबकीय क्षेत्रापासून दूर ढकलले जातात. एक टेस्ला क्षेत्राचा अडसर सु. ६० नॅनो इलेक्ट्रॉन व्होल्टांचा होतो. अमेरिकेतील लॉस ॲलॅमॉस येथे हजारो कायमचुंबक जडवून कढईच्या आकाराचे पात्र तयार करण्यात आले आहे. खालून व बाजूंनी चुंबकीय क्षेत्र व वरून गुरुत्वाकर्षण न्यूट्रॉनांना अडवून धरते, त्यामुळे ते कोणत्याही पदार्थास स्पर्श करीत नाहीत. परिवलनाची दिशा उलटू नये म्हणून आणखी एक मंद क्षेत्र लावलेले असते. पात्राच्या दोन बाजू मुद्दाम असमान ठेवल्या आहेत. त्यामुळे जास्त ऊर्जेचे न्यूट्रॉन ठराविक कक्षांत रेंगाळत न राहता लवकर बाहेर काढता येतात. शेवटी अभिज्ञातक वरून पात्रात उतरवून उरलेले न्यूट्रॉन मोजतात. २०२१ मध्ये या प्रयोगाचे मूल्य ८७७.७५ सेकंद असे प्रसिद्ध झाले व त्यातील एकूण अनिश्चितता सु. ०.३ सेकंदच होती. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय संकलनात फक्त साठवण पद्धतीची मापने धरून ८७८.४ ± ०.५ सेकंद अशी सरासरी देण्यात आली.

तफावत : शलाका पद्धतीचे ८८७.७ व साठवण पद्धतीचे ८७८.४ यांतील फरक दोहोंच्या एकत्रित प्रमाण विचलनाच्या सु. चौपट आहे. केवळ योगायोगाने असे होण्याची शक्यता फारच थोडी. तलावाच्या उदाहरणातील तिन्ही पर्याय येथे लागू पडतात व तिन्हींचा परिणाम एकाच दिशेने होतो : प्रोटॉन कमी मोजले गेले तर शलाका पद्धतीचे उत्तर वाढते, झिरपा कमी धरला तर साठवण पद्धतीचे उत्तर घटते, आणि न्यूट्रॉन प्रोटॉन न देता अन्य मार्गाने नाहीसा होत असेल तरीही हाच फरक दिसतो.

तिसरा पर्याय साहजिकच सर्वाधिक गाजला. २०१८ मध्ये बार्तोश फोर्नाल व बेंजामिन ग्रिनस्टीन यांनी असे सुचविले की, शंभर न्यूट्रॉनांपैकी साधारण एकाचा क्षय अदृश्य, कृष्ण द्रव्याच्या स्वरूपाच्या कणात होत असावा. अशा क्षयाबरोबर अपेक्षित असलेला गॅमा किरण त्याच वर्षी लॉस ॲलॅमॉस येथे शोधण्यात आला, पण मिळाला नाही. शिवाय न्यूट्रॉन ताऱ्यांत असा क्षय होऊ लागल्यास त्यांचा अंतर्गत दाब घटून सूर्याच्या दुप्पट द्रव्यमानाचे न्यूट्रॉन तारे टिकू शकणार नाहीत. प्रत्यक्षात असे तारे आढळले आहेत. ही कल्पना तगून राहण्यास आणखी विशेष गृहीते करावी लागतात. सर्वांत वजनदार आक्षेप आधी उल्लेखिलेल्या सैद्धांतिक मूल्यातून येतो. परिवलन केलेल्या न्यूट्रॉनांतील इलेक्ट्रॉनांच्या असममितीचे २०१९ मध्ये ग्रनॉबल येथील मापनावरून मिळालेले गुणोत्तर घातले असता आयुर्मान सु. ८७९ सेकंद येते. हे गणित प्रोटॉन देणाऱ्या क्षयाचेच असल्यामुळे ते शलाका पद्धतीशी जुळावयास हवे होते. ते साठवण पद्धतीशी जुळते. म्हणून चूक असलीच, तर ती बहुधा प्रोटॉनांच्या मोजणीत असावी, असे मानण्याकडे प्रस्तुत लेखकाचा कल आहे. सापळ्यात उरलेल्या वायूच्या रेणूंना आपला विद्युत् भार देऊन काही प्रोटॉन हरवत असावेत, अशी एक शंका घेतली गेली आहे. पण शंका म्हणजे सिद्धता नव्हे; दोन अंगुळे जागेतल्या विरळ वायूचा हा प्रश्न पुढील प्रयोगांनीच सुटेल.

या दृष्टीने जपानमधील टोकाई येथील प्रयोग विशेष उपयुक्त आहे. तेथे शलाकाच वापरतात, पण प्रोटॉनांऐवजी इलेक्ट्रॉन मोजतात. वायूने भरलेल्या अभिज्ञातकात अल्प हीलियम–३ मिसळलेला असतो. न्यूट्रॉनांची संख्या व त्यांचे क्षय ही दोन्ही त्याच अभिज्ञातकात मोजली जातात. २०२४ च्या अखेरीस जाहीर झालेले या प्रयोगाचे मूल्य ८७७.२ सेकंद असून त्यातील अनिश्चितता ४ सेकंदांहून थोडी अधिक आहे. ते साठवण पद्धतीच्या जवळचे आहे. अगदी वेगळा असा तिसरा मार्ग अंतराळयानांचा होय. विश्वकिरणांच्या माऱ्याने ग्रहाच्या पृष्ठभागातून वर उडणारे न्यूट्रॉन उंचीनुसार किती घटतात, यावरून आयुर्मान काढता येते. चंद्राभोवती फिरलेल्या लूनर प्रॉस्पेक्टर यानाच्या जुन्या नोंदींवरून २०२१ मध्ये ८८७ ± १४ सेकंद असे मूल्य काढण्यात आले. सध्याच्या वादाचा निकाल लावण्याइतके ते सूक्ष्म नाही.

ट्राँबे येथील ‘अप्सरा’ (१९५६), सायरस व १०० मेगॅवॉट क्षमतेचा ‘ध्रुव’ (१९८५) या विक्रियकांपैकी ध्रुवाच्या सान्निध्यात आयुर्मानाच्या आकड्याचा प्रत्यक्ष उपयोग होतो. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी ध्रुवाच्या गाभ्यापासून सु. १३ मी. अंतरावर प्रतिन्यूट्रिनो ओळखण्यासाठी प्लॅस्टिकच्या प्रस्फुरक (कण गेल्यावर प्रकाश देणाऱ्या) दंडांची मांडणी केली आहे. ९० दंडांच्या, सु. एक टन वजनाच्या या साधनाचा एक हेतू विक्रियकाची शक्ती व इंधनातील बदल बाहेरून, कोणत्याही यंत्रणेस हात न लावता ओळखता यावेत हा आहे. प्रतिन्यूट्रिनो प्रोटॉनावर आदळून पॉझिट्रॉन व न्यूट्रॉन निर्माण करतो व त्या दोहोंची खूण एकापाठोपाठ नोंदली जाते. दिवसाला अशा किती घटना अपेक्षित धरावयाच्या, हे ठरविणाऱ्या सूत्रात न्यूट्रॉनाचे आयुर्मान छेदस्थानी येते. ८८७.७ घेतले तर अपेक्षित संख्या एक टक्क्याने कमी येते, ८७८.४ घेतले तर तितकीच जास्त. विक्रियकातून निघणाऱ्या प्रतिन्यूट्रिनोंच्या एकूण संख्येतील अनिश्चितता अद्याप याहून मोठी असल्याने तूर्त हा फरक झाकला जातो. परंतु २०११ मध्ये जगातील जुन्या विक्रियक प्रयोगांची फेरतपासणी झाली, तेव्हा अपेक्षित संख्या वाढण्यामागे आयुर्मानाचे बदललेले मूल्य हेही एक कारण होते.

[⟶ अणुकेंद्रीय विक्रियक, किरणोत्सर्ग, न्यूट्रिनो, न्यूट्रॉन, मूलकण, विश्वस्थितिशास्त्र].